गाडीसमोर जनावर आलं तर…

- ताशी 80 कि.मी. वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच बरंच अंतर संपलेलं असतं.
- स्टिअरिंग झटक्यात वळवू नये. गाडी उलटू शकते. लेन न सोडता ब्रेक दाबावा. एबीएस असल्यास पेडल थरथरलं तरी पाय काढू नये.
- रात्री अप्पर बंद, डिपर चालू. प्रखर प्रकाशात जनावर जागीच थिजतं.
- चितळ, रानडुकरं कळपाने फिरतात. एक गेलं की मागचं येतंच.
- रस्त्यात बसलेली म्हैस? हॉर्नचा उपयोग बेताचाच.
- जखमी वन्यप्राण्याजवळ जाऊ नये. महाराष्ट्र वन विभाग: 1926. गुराढोरांसाठी पशुवैद्यकीय मदत: 1962.
- पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 खालून प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आहेत. तिथून वाघही जातात.