पाटी बदलते, लोखंड बदलत नाही

समजा, पांढरकवड्याची एमएच-29 पाटीची गाडी पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या गिऱ्हाइकाला विकली. काय काय बदलेल? मालक बदलेल, एनओसी निघेल, तिकडे नव्यानं नोंदणी होऊन पाटीवर टीजी येईल. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहील. कारखान्यात लोखंडावर कोरलेला चेसिस नंबर!

तुमचं आरसी बुक काढा आणि तो नंबर वाचा. अक्षरं-आकडे मिळून फक्त सतरा. गाडी भारतात बनली असेल तर पहिलं अक्षर एम. पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एमएटी म्हणजे टाटा, एमए1 म्हणजे महिंद्र, एमए3 म्हणजे मारुती. मधली मॉडेल आणि इंजिनाची, शेवटी त्या गाडीचा अनुक्रमांक.

आता दहावं अक्षर बघा. अनेक कंपन्या तिथे वर्ष लपवतात. एच म्हणजे 2017, जे म्हणजे 2018. अरे, मग मधला आय कुठे गेला? आय, ओ आणि क्यू या तिघांना या नंबरात जगभर बंदी आहे, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे आरसीवरच्या चेसिस नंबरात 'ओ' दिसला, की चूक टाइप करणाऱ्याची, हे घरबसल्या कळतं!

अमेरिकेची करामत तर याहून भारी. 1981 पासून तिथल्या गाड्यांत नववं अक्षर बाकीच्या सोळांवर पहारा देतं. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक जागेला ठरलेलं वजन. गुणाकारांची बेरीज करून अकरानं भागा, उरते ती बाकी नवव्या जागी. बाकी दहा आली तर? तिथे एक्स लिहितात! लिहिताना एक आकडा चुकला तरी हिशेब बिनसतो आणि चूक पकडली जाते.

आपल्याकडे या पहारेकऱ्याची सक्ती नाही. आपण पेन्सिलवर भिस्त ठेवतो. एनओसीसाठी चेसिसचा पेन्सिल प्रिंट लागतो: नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशीच. नक्कल करणाऱ्या माणसाचा हात मध्ये येतच नाही, लोखंड स्वतःच कागदावर उमटतं.

आणि ते लोखंड किती चिवट! 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली स्फोट झाला. ढिगाऱ्यात व्हॅनचा एक तुकडा सापडला, त्यावर नंबर शाबूत होता. त्यावरून तपास भाड्यानं गाड्या देणाऱ्या दुकानापर्यंत पोचला, आणि व्हॅन नेणारा पठ्ठ्या डिपॉझिट परत मागायला आला तेव्हा पकडला गेला!

तुमच्या व्यवहारात एवढं नाट्य घडणार नाही, पण भाव नक्की हलेल. अनेक भारतीय नंबरांत उत्पादनाचा महिनाही दडलेला असतो. गाडी डिसेंबर 2017 ची आणि नोंदणी जानेवारी 2018 ची असेल, तर हुशार गिऱ्हाईक 'ही सतराचीच' म्हणून पैसे पाडणारच. त्यापेक्षा आधीच सांगून टाका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करण्याआधी गाडीवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक निघाला तर आधी आरटीओत दुरुस्ती, मग गिऱ्हाईक.