ओहोटीनंतरची डबकी

आपले राळेगाव समुद्रापासून फार दूर. अरबी समुद्राचा किनारा येथून शेकडो किलोमीटर लांब आहे. आपल्या वर्धा नदीचे पाणीदेखील त्या समुद्राला जात नाही. वर्धा वैनगंगेला मिळते. तेथून पुढे तिला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा समुद्राचा व आपला संबंध काय तो मिठापुरता, असे पुष्कळांना वाटते.

पण आता तसे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा पनवेलला कामाला आहे. कोणाची लेक ठाण्याला दिली आहे. तिकडे गेलेली मंडळी चार दिवस सवड काढून देवदर्शनाला कोकणात जातात. समुद्र पाहून पोरे हरखतात आणि थेट पाण्याकडे धावतात. नदीचा पूर आपल्याला कळतो. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहून येऊ लागला, की आपण मागे सरतो. समुद्र मात्र अशी खूण देत नाही. आभाळ निरभ्र असते, वारा नसतो, आणि तरीही पाणी चढत असते. म्हणून ही माहिती आम्ही सविस्तर देत आहोत.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चढण्याला भरती म्हणतात, उतरण्याला ओहोटी. किनाऱ्यावरचे लोक ओहोटीला सुकती असेही म्हणतात. हे चंद्राच्या ओढीमुळे होते. चंद्र पृथ्वीवरील पाणी आपल्याकडे ओढतो. त्यामुळे चंद्राच्या बाजूला पाणी फुगते, आणि पृथ्वीच्या नेमक्या उलट बाजूलाही फुगते. पृथ्वी फिरता फिरता आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून एका दिवसात दोन भरत्या. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे आपण शेतात जागलीला गेल्यावर पाहिलेच आहे. भरतीदेखील रोज तेवढीच उशिरा येते.

सूर्यही पाण्याला ओढतो, पण त्याची ओढ कमी. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांची ओढ एक होते. तेव्हा भरती फार वर चढते आणि ओहोटीही फार खाली जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे दोन दिशांनी ओढतात. तेव्हा पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते. याला भांगाची भरती म्हणतात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत चढलेल्या व उतरलेल्या पाण्यात ४ मीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणजे दोन पुरुषांहून अधिक! दक्षिणेला मालवणकडे हा फरक बराच कमी असतो.

आता डबक्यांकडे वळू. उन्हाळ्यात नदी आटली, की डोहात पाणी उरते आणि सगळी मासळी तेथे गोळा होते. समुद्रकाठच्या खडकांतही असेच घडते. ओहोटी लागली, की खडक उघडे पडतात. खडकांतील खळग्यांत पाणी अडकून राहते. डोहात पुन्हा पाणी यायला मृगाची वाट पाहावी लागते. या डबक्यांना सहा तासांनी नवे पाणी मिळते. एवढाच काय तो फरक.

अशी डबकी पाहण्याजोगी एक जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर. हे गाव श्रीवर्धन तालुक्यात आहे. सावित्री नदी तेथेच समुद्राला मिळते. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. लोक त्याला दक्षिण काशीही म्हणतात. देवळामागून प्रदक्षिणेची वाट आहे. ती आधी टेकडी चढते, मग पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्राच्या खडकावरून जाते. लाटांनी हजारो वर्षे घासून हा खडक ओट्यासारखा सपाट केला आहे. कोठे त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत, कोठे रांजणासारखे खळगे. हा दगड आपल्या ओळखीचा आहे बरे का! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस बाहेर पडला व थिजला. त्याचा हा काळा दगड झाला. आपल्या कपाशीची काळी जमीन याच दगडाची झीज होऊन बनली आहे. तिकडे त्यात शिंपले नांदतात, इकडे पऱ्हाटी.

गेल्या माघात आम्ही घरच्या मंडळींसह तेथे गेलो होतो. वर्ध्याहून रेल्वेने मुलाकडे, व तेथून एस.टी.ने. पौर्णिमा होऊन तृतीया लागली होती. सकाळी सात वाजता खडकावर उतरलो, तेव्हा पाणी मागे हटत होते. धाकटा नातू विचारू लागला, "आबाजी, हे पाणी काहून पळून राह्यलं?" त्याला चंद्राची गोष्ट सांगितली. त्याने वर पाहिले. पश्चिमेला फिकट चंद्र अजून दिसत होता. मग त्याची खात्री पटली.

खडकाच्या अगदी वरच्या भागात काही नाही असे वाटते. नीट पाहिले तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई फटींत बसलेल्या दिसतात. त्यांना पाण्याचे चार शिंतोडे पुरतात. त्याखाली खडकाला पांढरे, खरबरीत, टोकाला भोक असलेले दाणे चिकटलेले असतात. सूनबाई म्हणाल्या, "चुन्याचे डाग आहेत." पण ते जिवंत प्राणी होत. इंग्रजीत त्यांना बार्नेकल म्हणतात. लहानपणी हा प्राणी पाण्यात पोहत फिरतो. मग एकदा खडकाला डोके चिकटवतो आणि भोवती चुन्याचे घर बांधतो. त्यानंतर जन्मभर तो तेथून हलत नाही. भरतीचे पाणी आले, की दार उघडून पाय बाहेर काढतो व पायांनीच अन्न आत ओढतो. डोके खाली, पाय वर, आणि जेवण पायांनी! नातवंडांना याचे एवढे हसू आले, की ती पुढे सरकेनात.

आणखी खाली कालवे असतात. त्यांचे शिंपले खडकाला घट्ट बसलेले असतात. किनाऱ्यावरील बाया ओहोटीच्या वेळी टोकदार हत्याराने शिंपला फोडून आतले कालव काढतात. तासन् तास वाकून, हात सोलून घेऊन, एक लहान भांडे भरते. आपल्याकडे निंदणाला वाकणाऱ्या बायांना त्या कष्टाची कल्पना येईल. ओहोटीचे चार तास हाच त्यांच्या कामाचा दिवस.

जसे आपल्याकडे बरडावर एक पीक, खोल काळ्या जमिनीत दुसरे, तसेच हे आहे. ज्याला जितका वेळ पाण्याबाहेर राहणे सोसते, तितका तो वर राहतो. ज्याला मुळीच सोसत नाही, तो खाली राहतो किंवा डबक्यात.

डबक्यातले जीवन सुखाचे आहे असे समजू नये. ऊन चढले, की पाणी तापते. पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले जास्त खारट होते. पावसाळ्यात तेच डबके सरीने गोडसर होते. पाण्यातील प्राणवायू कमी होतो. इतके सारे दिवसातून दोनदा सोसायचे, म्हणजे गमतीचे काम नव्हे.

डबके पाहावे कसे, तेही सांगतो. काठाशी उकिडवे बसावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. मग पाच मिनिटे गप्प राहावे. सावली पडली, की सगळे लपतात. आम्ही बसलो तेव्हा पहिल्यांदा फक्त वाळू व शेवाळ दिसले. मग वाळूच्या रंगाचा बोटभर मासा हलला. एक शंख चालू लागला. शंखातली गोगलगाय इतकी भराभर चालत नाही, म्हणून थोरल्या नातीने खाली वाकून पाहिले, तर त्यातून खेकड्याचे पाय बाहेर आलेले!

या खेकड्याचे मागचे अंग मऊ असते. त्याला स्वतःचे कवच पुरते नसते. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो आत शिरतो. वाढला, की घर अपुरे पडते. मग मोठा शंख शोधायचा. तो हाताला लागेपर्यंत जुने घर सोडायचे नाही, कारण उघड्यावर त्याला कोणीही खाईल. भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या एका डबक्यात फूल उमलल्यासारखे काही दिसले. पाकळ्या पाण्यात हलत होत्या. याला समुद्रफूल म्हणतात, पण हा प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांना बारीक विषारी नांग्या असतात. लहान मासा लागला, की लुळा पडतो आणि मधल्या तोंडात ओढला जातो. पाण्याबाहेर राहिलेले समुद्रफूल पाकळ्या आत ओढून घेते व ओल्या गोळ्यासारखे दिसते. त्यावर पाय देऊ नये.

कवडी आपल्या सर्वांच्या माहितीची. देवीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. पण जिवंत कवडी कोणी पाहिली आहे? ती दगडाखाली बसते. तिच्या अंगाचा मऊ पदर दोन्ही बाजूंनी वर येतो आणि सारी कवडी झाकून टाकतो. त्या पदरामुळेच कवडीला कायम चकाकी राहते. दगड उलटून पाहिला, तर तो पुन्हा होता तसा ठेवावा. दगडाखालच्या जिवांना ऊन सोसत नाही. आम्ही पाहिले, की पुष्कळ लोक दगड उलटतात आणि तसेच पुढे जातात. हे आम्हाला आवडले नाही. पराट्या उपटून धुऱ्यावर टाकाव्या, तसा तो प्रकार.

आता जपायचे काय ते. शंकूसारखे, नक्षीदार शंख असतात. ते दिसायला फार सुंदर. पण त्यांतील गोगलगाय विषाचा बारीक काटा मारते. काही जातींच्या विषाने माणूस मरतो. म्हणून जिवंत शंख मुळीच उचलू नये. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. तेही झोंबतात. असे काही लागले तर जागा चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा. कालवांची धार पात्यासारखी असते, म्हणून अनवाणी जाऊ नये. गुळगुळीत चपलाही नकोत. पकड असलेले बूट बरे.

पण सर्वांत मोठे भय पाण्याचेच. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरून माणसे लाटेने ओढून नेली आहेत. भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. यातील गोम अशी, की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा हिश्श्यांचा धरा. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो. दुसऱ्यात दोन. तिसऱ्या व चौथ्या तासात तीन तीन. मग पुन्हा दोन, आणि शेवटी एक. पहिला तास पाहून माणूस म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. तेवढ्यात पुढचे तास त्याला गाठतात. शिवाय पाणी समोरूनच येते असे नाही. ते घळीतून आपल्या पाठीमागे शिरते, आणि आपण उभे असलेला खडक बेट होऊन जातो. म्हणून ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी परत फिरले, की आपणही फिरावे. घरातील एका मोठ्या माणसाने डबक्यात न पाहता फक्त समुद्राकडे पाहत राहावे. आमच्याकडे हे काम मुलाने केले. पावसाळ्यात तर खडकावर उतरूच नये. कोणी पाण्यात सापडले तर मागून उडी न टाकता दोर किंवा रिकामा डबा फेकावा, आणि ११२ वर फोन करावा.

परत निघताना पोरांच्या खिशांत काय काय निघाले ते विचारू नका. जिवंत होते ते सगळे डबक्यात सोडायला लावले. रिकामे शंखही तेथेच ठेवले. घर शोधणारे खेकडे तेथे आहेत, येथे राळेगावात नाहीत. पोवळी, समुद्रघोडा, समुद्री काकडी आणि काही जातींचे शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते नेणे किंवा विकत घेणे गुन्हा होतो. मुंबईसारख्या शहरातही असे जीव आहेत. हाजी अली, गिरगाव, जुहू येथील किनाऱ्यांवर २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना नेऊन ते दाखवू लागली. ठाण्या-मुंबईला मुले असणाऱ्यांना तेथे जाणे सोयीचे पडेल.

शेवटी वेळेचा हिशेब. किनाऱ्यावरील लोकांचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. त्याच्या सुमारे सहा तास आधी व सहा तास नंतर पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर आकडे पुन्हा एकपासून धरावे. आम्ही तृतीयेला गेलो. तिनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणून सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. तेव्हा भर दुपारी ओहोटी, पण ती भांगाची, म्हणून खडक थोडाच उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत चांगले. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून उतरण्याआधी गावातील कोळ्याला किंवा देवळाजवळील दुकानदाराला विचारून घ्यावे. भरती-ओहोटीचे छापील कोष्टकही मिळते.

आता तुम्हीच करून पाहा. पंचमीला जायचे आहे. भरती किती वाजता? आणि सकाळी खडकावर किती वाजता उतरावे?

(उत्तर: भरती दुपारी पावणेचारला. ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. साडेआठला उतरावे.)