मोटारसायकलीच्या चाकातील हवा : खात्रीचा दाबमापक कसा निवडावा?

आज खेडोपाडी मोटारसायकल हे शेतकऱ्याचे नित्याचे वाहन झाले आहे. सकाळी दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, तालुक्याहून बियाणे व औषधे आणणे, फवारणीचा पंप शेतावर नेणे, घरच्या माणसास दवाखान्यात घेऊन जाणे, अशी कितीतरी कामे तिच्यावर होतात. तथापि हा सारा भार ज्या हवेवर उभा असतो, ती हवा चाकात नेमकी किती आहे याची चौकशी फारच थोडे लोक करतात. अंगठ्याने टायर दाबून पाहणे किंवा लाथ मारून आवाज ऐकणे, यापलीकडे सहसा कोणी जात नाही. अशा परीक्षेने २० पौंड व ३० पौंड यांतील भेद ओळखता येत नाही. काही जागरूक बांधव दुकानातील मापकावर हवा पाहून भरतात. परंतु तो मापक खरा आहे की नाही, हा प्रश्न मात्र मनात येत नाही.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्याही मनात आला नव्हता. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सहकाऱ्यासह पीकपाहणीच्या दौऱ्यावर असता, वाटेतील एका दुकानात मागील चाकात हवा भरून घेतली. मापकाने ३० पौंड दाखविले. पुढे पाचसहा मैलांवर एका खड्ड्यात चाक आदळले, ट्यूब रिमवर सरकून तिचा व्हॉल्व मुळाशी उपटला, हवा एकाएकी निघून गेली व आम्ही दोघेही रस्त्याकडेस पडलो. सहकाऱ्याचे मनगट मोडले. त्याच दुकानात त्याच मापकावर भरलेले पुढचे चाक दुसऱ्या दिवशी तीन निरनिराळ्या मापकांनी तपासले, तेव्हा त्यात भरल्या आकड्याहून सुमारे आठ पौंड हवा कमी निघाली. दुकानदाराची लबाडी नव्हती. त्याचा मापक वरचेवर जमिनीवर आपटून बिघडला होता आणि हे त्यास स्वतःलाही ठाऊक नव्हते. 'मापात पाप' असा शब्दप्रयोग आपण काटा मारणाऱ्यास लावतो. येथे मनुष्य प्रामाणिक होता, पाप केवळ मापात होते.

हवेचा दाब म्हणजे काय?

बैलगाडीच्या चाकात भार लाकडी आऱ्यांवर व लोखंडी धावेवर पडतो. मोटारसायकलीच्या चाकात मात्र टायर हे केवळ वेष्टन असून भार मुख्यतः आतील कोंडलेली हवाच पेलते. मागील चाकावर १३० किलो म्हणजे सुमारे २८७ पौंड भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस इंचास २८ पौंड असेल, तर टायरचा सुमारे १० चौरस इंच भाग जमिनीस टेकलेला राहतो. दाब २० पौंडांवर उतरला तर तेवढाच भार पेलण्यासाठी १४ चौरस इंचांहून अधिक भाग टेकावा लागतो. अर्थात टायर चपटा होतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू दुमडतात, त्यामुळे तो तापतो, कडेने झिजतो व पेट्रोलही जास्त लागते. खड्ड्यात रिम वाकण्याचे व ट्यूब चिमटली जाण्याचे भयही वाढते. याउलट हवा फाजील झाली, तर टायरची मधली पट्टी तेवढीच झिजते व खडीच्या किंवा ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

चाळीस लिटरच्या दोन कॅनांतील दुधाचेच वजन ८२ किलोंच्या वर भरते. असा भार रोज वाहणाऱ्याने हवेच्या बाबतीत अंदाजावर विसंबून राहणे मुळीच इष्ट नाही. मात्र वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली भारमर्यादा ओलांडून ती उणीव जादा हवेने भरून काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

निरनिराळी परिमाणे

दुकानात आपण 'पुढे पंचवीस, मागे तीस' असे म्हणतो, ते आकडे दर चौरस इंचास पडणाऱ्या पौंडांचे असतात. यासच पी.एस.आय. म्हणतात. पुस्तिकेत हाच दाब किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, बार किंवा किलोपास्कल या परिमाणांतही दिलेला आढळतो. २८ पौंड म्हणजे १.९७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, १.९३ बार अथवा १९३ किलोपास्कल. विहिरीच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे २० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा हा दाब होय. आपल्या गाडीस किती हवा हवी, हे शेजाऱ्यास न विचारता वाहनाच्या पुस्तिकेत किंवा गाडीवर चिकटविलेल्या पट्टीवर पाहावे. एकट्याने जाण्याचा व मागे माणूस बसवून जाण्याचा आकडा बहुधा वेगळा असतो.

मापकाचे तीन प्रकार

पहिला प्रकार पेनासारखा लांबट असतो. त्याच्या नळीत दट्ट्या व स्प्रिंग असून हवेच्या जोराने आकडे कोरलेली पट्टी बाहेर सरकते. हा स्वस्त, हलका व खिशात मावणारा आहे. परंतु नळीत धूळ शिरली की दट्ट्या अडखळतो. पट्टीवरील रेषाही फार जवळजवळ असल्याने वाचताना चूक होते.

दुसरा प्रकार तबकडीचा. यात बहुधा वाकविलेली पातळ धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती किंचित उलगडते व दातेरी चाकांच्या योगे काटा फिरतो. फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या योजनेचे पेटंट घेतले. हा मापक वाचण्यास सोपा असतो व त्यास विजेरी लागत नाही. मात्र आपटल्यास नळी वा दाते यांस अपाय होऊन तो कायमचा चुकीचे दाखवू लागतो. म्हणून तबकडीस रबराचे जाड कवच असलेलाच मापक घ्यावा.

तिसरा प्रकार अंकदर्शक, म्हणजे डिजिटल. यात दाबाचे रूपांतर विद्युत्संकेतात होऊन आकडा सरळ दिसतो. अंधारात व चाळीशीनंतरच्या डोळ्यांस हा सोयीचा पडतो. परंतु आकडा २८.४ असा दशांशापर्यंत दिसला म्हणजे तो दशांशापर्यंत खरा असतो, असा समज करून घेऊ नये. विजेरी क्षीण झाल्यास किंवा चुकून परिमाण बदलल्यास घोटाळा होतो. परिमाण पडद्यावर स्पष्ट दिसते किंवा नाही, हे आधी पाहावे.

निवड करताना काय पाहावे?

सर्वप्रथम मापकाचा पल्ला पाहावा. मापकाची चूक बहुधा त्याच्या पूर्ण पल्ल्याच्या शेकडेवारीत सांगितलेली असते. शेकडा २ चूक असलेला मापक ० ते ६० पौंडांचा असेल, तर चूक १.२ पौंडांपर्यंत जाईल. तोच १६० पौंडांचा असेल, तर ३.२ पौंडांपर्यंत. मोटारसायकलीस लागणारे दाब सामान्यतः २५ ते ४० पौंडांच्या दरम्यान असतात. म्हणजेच ६० पौंडांच्या तबकडीवर ते मध्यभागी येतात, आणि तबकडीचा मध्यभाग हाच वाचनास उत्तम होय. 'मोठ्या पल्ल्याचा घेतला म्हणजे मालट्रकासही चालेल' हा विचार येथे तोट्याचा आहे.

कित्येक बांधव फवारणी यंत्रावरील मापकाचा उपयोग होईल का, असे विचारतात. त्या मापकावर किलोग्रॅमचे आकडे ५० पर्यंतसुद्धा असतात. मोटारसायकलीच्या दोन किलोग्रॅम दाबाने त्याचा काटा जेमतेम हलेल. उलट ट्रॅक्टरच्या मागील टायरात शेतकामाच्या वेळी साधारणतः १२ ते १५ पौंडच हवा असते. त्यासाठी कमी पल्ल्याचा स्वतंत्र मापक ठेवणे बरे. वजनासाठी पाणी भरलेल्या टायरास तर मोटारसायकलीचा मापक लावूच नये. पाणी आत शिरून तो निकामी होतो.

दुसरी गोष्ट मापकाच्या तोंडाची. मोटारसायकलीचा व्हॉल्व आरे, ब्रेकची तबकडी व साखळीचे दातेरी चाक यांच्या अडचणीत असतो. सरळ तोंडाचा लांब मापक तेथे नीट बसत नाही, हवा फुसफुसत राहते व आकडा कमी येतो. यास्तव तोंड वाकडे असलेला किंवा लवचीक नळीचा मापक घ्यावा आणि दुकानातच तो आपल्या गाडीच्या दोन्ही चाकांस लावून पाहावा. मोटारसायकलीच्या लहान चाकात अवघी सहा-साडेसहा लिटर जागा असते. अर्धा लिटर हवा बाहेर गेली तरी दाब एका पौंडाहून अधिक उतरतो. म्हणून चटकन व घट्ट बसणारे तोंड ही चैनीची नव्हे, गरजेची बाब आहे.

तिसरी गोष्ट, जादा हवा सोडण्याची कळ व मापक काढल्यानंतरही काटा जागीच थांबण्याची सोय असावी. अडचणीच्या जागी वाकून आकडा वाचण्यापेक्षा मापक हातात घेऊन वाचणे सोपे जाते.

खरेपणाची परीक्षा

काटा शून्यावर आहे, एवढ्यावरून मापक खरा ठरत नाही. पुष्कळ तबकड्यांत शून्यापाशी खुंटी असते व तीवर काटा टेकून राहतो, त्यामुळे दोष झाकला जातो. परीक्षा पुढीलप्रमाणे करावी.

(१) एकाच थंड चाकास मापक लागोपाठ तीन वेळा लावावा. प्रत्येक वेळी थोडी हवा जात असल्याने किंचित उतार दिसेल. परंतु आकडे एका पौंडाहून अधिक मागेपुढे झाल्यास, किंवा आधी कमी व मग जास्त असे दिसल्यास, तो मापक घेऊ नये.

(२) नंतर तो खात्रीच्या मापकाशी ताडून पाहावा. ज्या टायरविक्रेत्याकडे अथवा वाहनदुरुस्ती केंद्रात मापक ठरावीक मुदतीने प्रमाणित करून घेतात, तेथे ही सोय होऊ शकते. केवळ दोनच मापक जुळले नाहीत, तर खोटा कोणता हे कळत नाही. तिसरा हाताशी असणे जरूर आहे.

(३) हा ताळा २५, ३० व ४० पौंड अशा तीन ठिकाणी घ्यावा. आपला मापक सर्वत्र सारखाच दोन पौंड कमी दाखवीत असेल, तर तो टाकून देण्याचे कारण नाही. 'दोन पौंड कमी दाखवितो' असे कागदावर लिहून त्याच्या डबीस चिकटवावे व तेवढी दुरुस्ती धरून वाचावे. ज्याची चूक ठाऊक आहे व जी बदलत नाही, तो मापक उपयोगी आहे. जो आज एक व उद्या दुसरे सांगतो, तो कितीही किमतीचा असला तरी निरुपयोगी आहे.

दर सहा महिन्यांनी, तसेच मापक हातून पडल्यास ताबडतोब, ही परीक्षा पुन्हा करावी.

दाब केव्हा पाहावा?

उत्तम मापकही अवेळी वापरल्यास फसवितो. पुस्तिकेतील आकडे थंड टायरचे असतात. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, किंवा निदान तीन तास ती सावलीत उभी राहिल्यानंतर दाब पाहावा. सकाळी २८ अंश तपमानास ३० पौंड असलेली हवा प्रवासाने व उन्हाने ५८ अंशांपर्यंत तापली, तर तीच ३४ पौंडांवर दिसते. अशा वेळी 'हवा जास्त झाली' म्हणून सोडून दिल्यास थंड झाल्यावर ती उणी पडते. याउलट ऑक्टोबरातील दुपारी ३० पौंड भरलेली हवा निफाडकडील कडाक्याच्या थंडीत, तपमान १० अंशांवर आले असता, आपोआप २७ पौंडांच्या आसपास उतरते. यात मापकाचा दोष नाही. तो हवेचा स्वभाव आहे. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी एकदोन पौंड हवा झिरपून जाते. म्हणून आठवड्यातून एकदा ठरावीक वारी, आणि जड भार वा लांबचा प्रवास असेल त्या दिवशी पुन्हा, दाब पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

दाब पाहिल्यानंतर व्हॉल्वची टोपी लावण्यास विसरू नये. तिच्या अभावी धूळ व चिखल आत जाऊन व्हॉल्व गळू लागतो आणि तीच धूळ मापकातही शिरते. मापक हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली न टाकता फडक्यात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवावा.

बाजार समितीत माल घालताना आपण काट्यावर बारकाईने नजर ठेवतो, दुधाचे माप व फॅट स्वतः पाहतो, कारण तेथे चार पैशांचा प्रश्न असतो. चाकातील हवेच्या मापाशी आपल्या हातापायांचा व मागे बसलेल्या माणसाचा प्रश्न निगडित आहे. टायरच्या किमतीच्या मानाने अल्प खर्चात मिळणारे हे साधन शेतकरी बंधु-भगिनींनी पारखून घ्यावे, त्याचा खरेपणा पडताळावा आणि दुकानात हवा भरून झाल्यावर आपल्या मापकाने ती एकदा स्वतः मोजल्यावाचून पुढे जाऊ नये.