हिरवळीच्या निगेसाठी पाठीवरील फवारणी पंपाची निवड

नागपूर शहरात सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या वस्तीतील बंगल्यांभोवती हरळीची हिरवळ राखण्याचा प्रघात फार दिवसांचा आहे. मृगाचा पाऊस लागला की या हिरवळीत लव्हाळा, दुधी, केना, गाजरगवत इत्यादी तणे माजतात आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी माळ्यास पाठीवरील पंप लागतो. बाजारात हाताने दांडा मारावयाचे, बॅटरीवर चालणारे आणि पेट्रोलच्या इंजिनाचे असे तिन्ही प्रकारचे पंप मिळतात. यांतून निवड करताना अधिक जोराने व अधिक पाणी फेकणारा पंप तो उत्तम, अशी समजूत पुष्कळदा आढळते. हिरवळीच्या कामास ही समजूत लागू पडत नाही, आणि फवारणाऱ्याच्या जिवास तर ती घातक ठरू शकते.

या संदर्भात नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरील यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव विसरता येण्यासारखा नाही. २०१७ च्या खरीप हंगामात तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तर शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतकी वाढलेली दाट कपाशी, दमट उष्मा, एकाहून अधिक औषधांचे मिश्रण आणि संरक्षक कपड्यांचा अभाव या कारणांबरोबरच जोरदार झोताच्या यंत्रचलित पंपांचाही त्या वेळी उल्लेख झाला. हिरवळ पायांखाली असते, त्यामुळे तेथील धोका तितका नसतो. तथापि फवारणीच्या कामात विष मुख्यतः कातडीतून शरीरात जाते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

पाण्याचे माप

पंप घेण्यापूर्वी आपल्या हिरवळीस किती पाणी लागेल याचा हिशेब करावा. समजा, पंपाच्या तोटीतून मिनिटास १ लिटर पाणी पडते, फवाऱ्याचा पट्टा १ मीटर रुंद आहे आणि माळी मिनिटास ४० मीटर चालतो. म्हणजे १ लिटर पाण्यात ४० चौरस मीटर जागा भिजते. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा असतो. यावरून दोन गुंठे हिरवळीस जेमतेम ५ लिटर द्रावण पुरते. १६ लिटरच्या टाकीत अशी सहा गुंठ्यांहून अधिक जागा उरकते.

घरगुती हिरवळीस म्हणून ८ ते १० लिटरांचा पंप पुरेसा होय. १६ लिटरचा पंप भरला म्हणजे त्याचे ओझे, पंपाच्या स्वतःच्या वजनासह, २० किलोच्या आसपास जाते. शिवाय टाकी मोठी असली की ती भरण्याचा मोह होतो आणि उरलेले विषारी द्रावण कोठे टाकावे हा प्रश्न उभा राहतो. जो माळी दिवसाकाठी अनेक बंगल्यांचे काम करतो, त्यानेच मोठ्या टाकीचा विचार करावा.

दाब व तोटी

दाब चौपट केल्यास त्याच तोटीतून प्रवाह दुप्पट होतो. चालण्याचा वेग तोच राहिला तर औषधही दुप्पट पडते, आणि थेंब बारीक होऊन वाऱ्याबरोबर दूर जातात. याकरिता दाब कायम राखणारा नियंत्रक ज्या पंपास आहे तो पसंत करावा. हातपंपात दांड्याची चाल एकसारखी ठेवावी लागते. बॅटरीच्या पंपात हे श्रम वाचतात, परंतु बॅटरी उतरत आल्यावर प्रवाह घटतो की काय, हे घड्याळ व मापाचे भांडे घेऊन तपासावे. इंजिनाच्या पंपाचे घरगुती हिरवळीवर काही काम नाही.

तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा फवारा देणारी तोटी घ्यावी व दाब कमी ठेवावा. पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारी तोटी कीटकनाशक व बुरशीनाशकासाठी योग्य असते. तोटी गवतापासून सुमारे अर्धा मीटर उंच धरून सरळ चालत जावे. नळी डावी-उजवीकडे हलविल्यास काही ठिकाणी औषध दुबार पडते, तर काही जागा कोरडी राहते.

गळतीची परीक्षा

दुकानातच पंपात स्वच्छ पाणी भरावे, झाकण लावावे, पंप पाठीवर घेऊन पुढे वाकावे व हात फिरवून पाहावे. झाकण, चाप किंवा नळीचा सांधा यांपैकी कोठेही ओल आढळल्यास तो पंप घेऊ नये. गळके झाकण माळ्याची पाठ तासन् तास भिजवीत राहते. पट्टे रुंद असावेत. त्यांच्या गाद्या पाणी शोषून घेणाऱ्या नसाव्यात. वायसर व तोट्या गावातच मिळतात की नाही, हेही विचारून घ्यावे.

तणनाशकाचा पंप वेगळा

२,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांचा नाश करते, पण हरळीस सहसा अपाय करीत नाही. कपाशी, टोमॅटो, द्राक्ष यांस मात्र त्याचा अल्पसा अंशही सोसत नाही. टाकीत राहिलेल्या अंशानेही कपाशीची पाने आक्रसून बोटांसारखी अरुंद होतात. बंगल्याच्या हिरवळीवर वापरलेला पंप माळ्याच्या घरी जाऊन तोच त्याच्या भावाच्या कपाशीत फिरला, तर दोष औषधाचा की बियाण्याचा, हे कोणास उमगत नाही. पंप धुतल्याने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. याकरिता तणनाशकाचा पंप स्वतंत्र ठेवून त्याच्या टाकीवर ठळक अक्षरांत तसे लिहावे.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वारा शांत असताना, वाऱ्याकडे पाठ करून करावी. अंगभर कपडे, हातमोजे, मुखपट्टी व गमबूट वापरावेत, आणि त्यांचा खर्च बंगल्याच्या मालकाने सोसावा. मळमळ, घाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे आढळताच काम थांबवावे, अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. दोन गुंठ्यांच्या हिरवळीत तण विरळ असेल, तर ते फुलावर येण्यापूर्वी खुरप्याने काढणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय. तेथे पंपाची गरजच पडत नाही.