तोच कागद की तोच मजकूर?

बार्शीटाकळीतल्या एका शेताचा सातबारा दोनदा काढला, तर हाती दोन कागद येतात आणि मजकूर एकच असतो. हे दोन्ही सारखे आहेत का? कागद बघाल तर नाही, मजकूर बघाल तर हो. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी मुलं अडखळतात ती याच प्रश्नावर. इंट, डबल, बूलियन अशा आठ मूळ प्रकारांच्या चलात थेट किंमत असते आणि == हे तुलनेचं चिन्ह ती किंमतच ताडून पाहतं. स्ट्रिंग, इंटिजर यांच्या चलात मात्र वस्तूचा पत्ता असतो. तिथं तेच == ‘कागद तोच का’ एवढंच विचारतं. मजकूर जुळतो का, हे पाहायला इक्वल्स लागतं.

इक्वल्सच्या जागी == लावण्याची चूक लवकर सापडत नाही, म्हणून ती जास्त घातक. 2004 साली आलेल्या जावा 5 पासून इंटचा इंटिजर आपोआप होतो, आणि -128 ते 127 या आकड्यांच्या वस्तू जावा आधीच बनवून ठेवतो. त्यामुळे गट नंबर 127 दोन इंटिजर चलांत घालून == लावलं, तर उत्तर ‘हो’ येतं; नेहमीच्या मांडणीत 128 ला तेच ‘नाही’ होतं. चाचणीत लहान नंबर घेतले तर सगळं ठीक दिसतं, आणि गटांची खरी यादी आली की जुळणारे गट जुळेनासे होतात.

मग == चाच अर्थ बदलावा, असं कुणी म्हणेल. कोटलिन भाषेनं तसं केलं: तिथं == मजकूर पाहतं आणि वस्तू तीच का हे === सांगतं. मला ती रचना जास्त पटते. पण जावात तसा बदल केला, तर आजवर लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅमचा अर्थच फिरेल. ‘डोळे मिटून इक्वल्स वापरा’ हा सल्लाही अपुराच. आपण बनवलेल्या ‘शेत’ या क्लासला इक्वल्स लिहून दिलं नाही, तर तेही पत्ताच बघतं. शिवाय ‘बार्शीटाकळी’ आणि ‘बार्शी टाकळी’ ही एकाच गावाची नावं, पण मधल्या एका जागेमुळे इक्वल्सला ती वेगळी वाटतात. दोन नोंदी कशावरून एक मानायच्या, नावावरून की गाव आणि गट नंबरावरून, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानंच आधी ठरवायला हवं. म्हणून जावा शिकवणाऱ्यांना एक विनंती: व्याख्या पाठ करून घेण्याआधी 127 आणि 128 ची तुलना मुलांना स्वतः चालवून पाहू द्या.