आळशी नाही, ढ तर नाहीच!

महागावच्या एखाद्या शाळेतला वर्ग डोळ्यांसमोर आणा. गणिताचा तास आहे. गुरुजी सांगतात, "वह्या काढा, तारीख घाला, पान ३२ उघडा आणि पहिली दोन गणितं सोडवा." सगळी मुलं कामाला लागतात. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र वही काढून नुसताच बसून राहतो. काल त्यानं सातचा पाढा घडाघडा म्हटला होता. आज 'सात चोक' विचारलं की तो छताकडे बघतो. मधल्या सुट्टीत कुणी म्हणालं, "त्या सायकलची हवा सोड," तर हा लगेच सोडणार आणि पकडलाही हाच जाणार! मग शाळेत बोलणी, घरी मार आणि मित्रांकडून एकच शब्द : "ढ!"

पण तो खरंच ढ आहे का?

अभ्यासात मागे पडण्याची कारणं पुष्कळ असतात. कुणाला नीट ऐकू येत नाही, कुणाला चष्मा हवा असतो, कुणी सकाळी उपाशीच आलेलं असतं. एक कारण मात्र असं आहे, की ते मूल जन्माला येण्याआधीच घडून गेलेलं असतं. त्याचं नाव फीटल अल्कोहोल सिंड्रोम. म्हणजे आईच्या पोटात असताना दारूमुळे बाळाला झालेली इजा.

हे कसं होतं? पोटातल्या बाळाला अन्न आणि प्राणवायू आईच्या रक्तातून, वार आणि नाळेच्या वाटेनं मिळतो. आईनं दारू घेतली तर तीही याच वाटेनं बाळापर्यंत जाते. मोठ्या माणसाचं यकृत दारूचा हळूहळू निचरा करतं. बाळाचं यकृत अजून तयारच होत असतं, त्यामुळे दारू त्याच्या अंगात रेंगाळते. सगळ्यात जास्त इजा होते ती मेंदूला, कारण मेंदूची घडण पूर्ण नऊ महिने चालू असते. मग ती दारू मोहाची असो, हातभट्टीची असो, नाहीतर चकचकीत बाटलीतली बिअर असो. बाळाला सगळ्या सारख्याच.

१९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरातले डॉक्टर पॉल लेमवान यांनी अशा १२७ मुलांची माहिती छापली, पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं. तेव्हा कुठे जग जागं झालं.

यातल्या काही मुलांचे डोळे बारीक दिसतात, वरचा ओठ पातळ असतो आणि नाक व ओठ यांमधली खाच सपाट असते. उंची-वजनही कमी राहतं. पण कितीतरी मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. इजा आत असते : लक्षात ठेवणं, हिशेब, वेळेचं भान, स्वतःला आवरणं, हे सगळं जड जातं. म्हणून चेहरा बघून कुणावर शिक्का मारू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

आता एक नाजूक गोष्ट. हे वाचून कुणाच्या आईकडे बोट दाखवू नका, बरं का! कितीतरी बायकांना दिवस गेल्याचं पहिले काही आठवडे कळतच नाही. कुणाला असं काही होतं हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं. ज्या घरात रोज बाटली येते, तिथे एकट्या आईनं काय करावं? आईबाबांनो, दिवस गेल्यावर एक घोटही नको, आणि हे सांभाळणं साऱ्या घराचं काम. कोणत्याही महिन्यात थांबलं तरी बाळाचा फायदाच होतो. रोजची सवय असेल तर ती डॉक्टरांच्या मदतीनं सोडावी. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद होतं.

झालेली इजा औषधानं पुसता येत नाही. पण मदत लवकर मिळाली, तर मूल खूप पुढे जातं.

वर्गात काय करता येईल?

० एका वेळी एकच सूचना द्यावी. "वही काढ." ती निघाली की मग "तारीख घाल."

० दिवसभराची कामं चित्रांत काढून भिंतीवर लावावी : प्रार्थना, गणित, जेवण, खेळ.

० काल आलेलं आज विसरलं तर न रागावता पुन्हा शिकवावं. बिया, खडे, सुटी नाणी हातात देऊन हिशेब करून घ्यावा.

० त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवावं. कामाला जास्त वेळ द्यावा.

० छडी नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली आहे. आणि छडीनं आठवण वाढत नाही, फक्त भीती वाढते.

आईबाबांनो, शंका आली तर शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ असतात, त्यांना दाखवा. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

आणि मुलांनो, तुमचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मोठं. 'हवा सोड' म्हणून त्याला पुढे करणारे आपण नसावं. उलट कुणी तसं करत असेल तर मध्ये पडावं. तास बदलला की हळूच सांगावं, "अरे, आता मराठीचं पुस्तक काढ." त्याला काय छान येतं तेही शोधा. कुणी चित्रं सुरेख काढतं, कुणी पोळ्याला बैल असा सजवतं की बघत राहावं!

उद्या शाळेत गेलात की तिसऱ्या बाकाकडे एकदा बघा. तिथे कुणी नुसतंच वही उघडून बसलं असेल, तर हसू नका. शेजारी जाऊन बसा.