बेअरफूट शूज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंचवटीला अनवाणी चालणं नवं नाही. रामकुंडावर, काळारामाच्या मंदिरात चपला बाहेरच राहतात. श्रावणात त्र्यंबकची ब्रह्मगिरी फेरी अनेक जण अनवाणीच करतात. त्यामुळे गोदाकाठी सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्यांना बेअरफूट शूज चटकन पटतात. पातळ, सहज दुमडणारा सोल, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, बोटं पसरायला ऐसपैस जागा, कमानीला आधार नाही, अशी त्यांची घडण असते. मात्र ते घेण्याआधी काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज: हे बूट घातले की दुखापत टळते.
वस्तुस्थिती: अनवाणी पळायची सवय असलेले बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यांना जमिनीचा हादरा कमी बसतो, असं डॅनियल लिबरमन यांनी 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. पण भार नाहीसा होत नाही. तो गुडघ्यावरून पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याच्या हाडांवर सरकतो. 2013 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात 10 आठवड्यांत या बुटांकडे वळलेल्या 19 धावपटूंपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांना सूज आल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला असे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने 2014 मध्ये 37.5 लाख डॉलर देऊन मिटवला.

गैरसमज: आधार नसला की तळवे सपाट होतात.
वस्तुस्थिती: मणिपालच्या डॉक्टरांनी 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पादत्राणं वापरणाऱ्या मुलांपैकी 8.6 टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांपैकी 2.8 टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. मोठ्यांच्या पायातही ताकद येते. लिव्हरपूलच्या 2021 मधल्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घालणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली.

गैरसमज: लहानपणी अनवाणीच हिंडलो, आताही लगेच जमेल.
वस्तुस्थिती: हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरचं कांस्यपदक जिंकलं. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. अनेक वर्षं बुटात काढलेल्या पायाला ती सवय उरलेली नसते. सुरुवात घरातल्या वावरापासून करा, मग रोज दहा-पंधरा मिनिटं चाला. पळणं काही आठवड्यांनी, तेही थोडं थोडं. पोटरी भरून आली तर विश्रांती घ्या. चवड्यात एकाच जागी ठणकत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज: अनवाणी पाय जास्त वेगाने पळतात.
वस्तुस्थिती: अबेबे बिकिलाने 1960 ची रोम ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, वेळ 2:15:16. टोकियोत 1964 मध्ये बूट घालून त्याने 2:12:11 वेळ दिली. वेग मुख्यतः सरावातून येतो.

गैरसमज: हे बूट कुणालाही चालतात.
वस्तुस्थिती: मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर पातळ सोल धोक्याचा. घाटावरचा मे महिन्यातला तापलेला दगड किंवा काचेचा तुकडा जाणवत नाही आणि जखम चिघळते. टाच दुखत असेल किंवा पायाचं जुनं दुखणं असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

पाय बळकट करायला हे बूट खरंच उपयोगी आहेत, पण सावकाश गेलात तरच. म्हणून वणीच्या गडावर पायी जायचं असो की 2027 च्या सिंहस्थात दिवसभर चालायचं असो, त्या दिवशी नवे बेअरफूट शूज घालून निघू नका. सवयीचेच घाला आणि नव्यांचा सराव काही महिने आधी सुरू करा.